त्रेचाळीस ताऱ्यांची फेरमोजणी

माझी ताई एकतीस वर्षं तारे मोजत होती असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग किती भरले?" आणि स्वतःच हसतो. या विनोदाचा मला वीट आलाय. मी शिवणकाम करते, एका गिऱ्हाईक बाईंना मी सरळच म्हटलं, "तुमच्या कोटाची मापं घेताना मी तुम्हाला एक, दोन, तीन करत मोजते का? तसंच ते." बाई रागावल्या. रागावू देत. कोट मात्र माझ्याकडेच शिवायला टाकला.

ताई वेधशाळेत नोकरीला होती, पण दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नाही. दुर्बिणीचं काम रात्रीचं, ताईची वेळ दहा ते साडेपाच. दुर्बीण आभाळाचे फोटो काचेवर काढायची. त्या काचांना प्लेट म्हणायचे. पाटीएवढी काच, एका अंगाला करडा लेप, लेपावर हजारो काळे ठिपके. ठिपका म्हणजे तारा. ताई प्लेट मोजणीयंत्रावर चढवायची, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायची, ठिपका बरोबर नळीतल्या फुलीखाली आणायची आणि तबकडीवरचा आकडा वहीत लिहायची. आधी पन्नास वर्षांपूर्वीची जुनी प्लेट, मग आभाळाच्या त्याच तुकड्याची नवी. दोन आकड्यांत जो फरक निघेल तेवढा तारा पन्नास वर्षांत सरकला. सरकून सरकून सरकायचा किती? केसाच्या जाडीचा आठवा हिस्सा! तेवढ्यासाठी ही बया दिवसभर मान मोडून बसायची, आणि घरी आल्यावर मी सुईत दोरा ओवून मागितला की म्हणायची, "डोळे दुखतात गं, छकू." पन्नाशी उलटली तरी मी छकूच.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. तिने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही. विषय संपला.

एवढी मरमर कशासाठी, हे तिने मला माझ्याच कटिंगच्या टेबलावर खडूने काढून समजावलं होतं. आपली आकाशगंगा म्हणजे एक भलीमोठी चपटी चकती. मध्ये फुगीर गाभा, गाभ्यापासून निघून वळत गेलेले ताऱ्यांचे हात, आणि चकतीच्या वर-खाली तुरळक म्हाताऱ्या ताऱ्यांचा विरळ गोळा. "आणि आपण कुठे?" मी विचारलं. तिने गाभा आणि काठ यांच्या साधारण मध्यावर खडूचा ठिपका दिला. "इथे. चकतीच्या पोटातच. म्हणून तर ती आपल्याला अख्खी दिसत नाही, आभाळातला नुसता पांढरट पट्टा दिसतो. घराच्या एका खोलीत बसून, उंबरा न ओलांडता, सगळ्या घराचा नकाशा काढायचा, असं काम आहे हे." चकतीतले तारे जवळपास सगळे एकाच दिशेने गाभ्याभोवती फिरतात. सूर्यसुद्धा फिरतो, आपल्याला घेऊन. एक फेरी पुरी व्हायला वीस-बावीस कोटी वर्षं लागतात. कोण किती सरकलं ते मोजलं की चकती कशी फिरते ते कळतं. मी म्हटलं, "वीस कोटी वर्षांचं काम आहे ना? मग उद्या रजा टाक, माझ्याबरोबर कापड आणायला चल." आली नाही.

आता शाईचं सांगते, कारण सगळं रामायण त्या शाईनेच घडवलं. प्लेटवर तारे हजारो; त्यातले कुठले मोजायचे ते कळावं म्हणून शाईने बारीक गोल करून नंबर टाकतात. ताईच्या वेधशाळेची रीत अशी, की शाई लेपावर लावायची नाही, मागच्या कोऱ्या काचेवर लावायची. काम झालं की ओल्या फडक्याने पुसता येते, लेपाला धक्का नाही. आणि प्लेट यंत्रावर चढवताना शाईची बाजू खाली, म्हणजे लेप आपोआप वर. "शाई खाली" हे दोन शब्द नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे. शिकवायची ताईच.

निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा साहेब तिच्या खोलीत धावत आले. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. वयाने आमच्या भाच्याएवढे, हुशार, माणूस सरळ. हातात आलेख. आभाळाच्या एका पट्ट्यातले त्रेचाळीस तारे, मोजणी आदल्या वर्षीची, ताईच्याच हातची. आणि ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तारे चकतीच्या उलट दिशेने चाललेले! साहेबांना आनंदाने बसवेना. ही ताऱ्यांची परकी टोळी असणार, कधीतरी बाहेरून येऊन आपल्या आकाशगंगेत शिरली असणार, पंधरा दिवसांनी परिषदेत आपण हे मांडणार, असं ते बोलत सुटले. मग म्हणाले, "ताई, निबंधावर माझ्या शेजारी तुमचं नाव छापणार."

तुम्हाला कळणार नाही हे काय होतं ते. एकतीस वर्षांत ताईने ऐंशी हजारांवर मोजमापं केली. तिच्या आकड्यांवर लोक डॉक्टर झाले. ताऱ्यांच्या छापील याद्यांत मात्र शेवटी एवढंच असायचं: "मोजणी – कार्यालय." कार्यालयाला काय डोळे असतात? मी किती वेळा भांडले तिच्याशी यावरून. त्या संध्याकाळी तिने नाव छापणार म्हणून सांगितलं तेव्हा मी हातातली कात्री टाकून तिला मिठी मारली.

ती मात्र ताटं घ्यायला लागली. जेवताना म्हणाली, "छकू, सगळेच्या सगळे कसे गं?"

"म्हणजे?"

"गर्दीत दोन-चार माणसं उलटी चालतात. पण इथे एका पट्ट्यात सगळे उलटे, आणि पट्टा संपला की शेजारच्या प्लेटवर सगळे सुलटे. अगदी काचेच्या कडेपर्यंत उलटे. आभाळाला आमच्या काचेची कड कुठे संपते ते ठाऊक असतं होय?"

मी म्हटलं, "ताई, लक्ष्मी टिळा लावायला आलीय, तोंड धुवायला जाऊ नकोस." तिने ताट उचललं आणि उठली.

रविवारी सकाळी ती आदल्या वर्षीच्या वह्या घेऊन माझ्या टेबलाशी बसली. मी पलीकडे काज करत होते. ताईला एक सवय होती, जिला सगळं ऑफिस हसायचं. रोज काम सुरू करताना चित्र स्पष्ट दिसण्यासाठी नळी किती वर-खाली केली, तो आकडा ती समासात लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. दूधवाल्याचा खाडा लिहावा तसं आपलं रोज. तर त्या समासात वर्षभर एकच आकडा होता, उगाच दहाव्या हिश्श्याचा फरक. फक्त एका ठिकाणी नळी दोन मिलिमीटर खाली गेलेली, आणि शेजारी ताईच्याच अक्षरात: "नवा चष्मा."

"मिळालं की कारण," मी म्हटलं. "चष्मा नवा, म्हणून नळी खाली."

"अकरा दिवस खाली आहे. मग परत वर." ती मान वर न करता म्हणाली. "चष्मा तर तोच आहे, आजही डोळ्यावर आहे. मग नळी परत वर का गेली?"

मी दोरा तोडला. ते अकरा दिवस म्हणजे नेमका तोच पट्टा, जुन्या-नव्या प्लेटांच्या त्याच सहा जोड्या. ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिला असं बसलेलं आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मग तिने सांगितलं. त्या पट्ट्याच्या जुन्या प्लेटा त्यांच्याकडे नव्हत्याच. दुसऱ्या शहरातल्या वेधशाळेकडून त्या उसन्या आणल्या होत्या, शाईचे गोल आधीच केलेल्या. आणि तिकडची रीत वेगळी असणार, तिकडे शाई लेपावरच लावत असणार. ताईने नवी प्लेट जुनीशेजारी धरून, तारे जुळवून, जुनीवर होती त्याच बाजूला, म्हणजे नकळत लेपावरच, नवीवर शाई लावली. मग दोन्ही प्लेटा यंत्रावर चढवल्या. कशा? शाई खाली! म्हणजे लेप खाली गेला, काच वर आली. ती काचेतून आरपार बघत बसली, म्हणून नळी खाली घ्यावी लागली. आणि डावं ते उजवं झालं. दोन्ही प्लेटा सारख्याच उलट्या, म्हणून जोडी जुळत राहिली, संशय यायला जागाच नाही.

"अगं, कापडाची उलटी-सुलटी बाजू मी डोळे मिटून सांगते!" मी ओरडलेच. "तुला चकचकीत काच नि मळकट लेप कळू नये?"

"तीस वर्षं हात शाई बघून काच ठेवतोय, छकू. हात दुसरं काही बघत नाही."

राग मला तिचा नव्हता आला. राग आला होता तो याचा, की हे आत्ताच का, आठ महिने उरलेले असताना. मी तिला स्पष्ट म्हटलं, "कुणाला कळणार आहे? नव्या प्लेटांवरची शाई तू कधीच पुसलीस, जुन्या परत गेल्या. गप्प बस आणि नाव छापून घे." हो, म्हटलं मी असं. आता लाज वाटते, पण म्हटलं. ताई माझ्यावर चिडली नाही. ती म्हणाली, "ते तारे उलटे चालत नाहीत गं," आणि सोमवारी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. समासातल्या आकड्यावर कोण निबंध मागे घेणार? "ताई, तुम्ही दमला आहात. एवढं मोठं काही हाती लागलं की माणसाला धास्ती वाटतेच." ताई म्हणाली, "मला त्या सहा जोड्या पुन्हा मोजू द्या." जुन्या प्लेटांसाठी साहेबांनी तिच्यासमोर तिकडे फोन लावला. तिकडून उत्तर आलं की काच एकदा पाठवली, पुन्हा पाठवणार नाही. प्रवासात एक तडकून परत आली होती. साहेब म्हणाले, "बघा, इलाज नाही." ताई म्हणाली, "मग मी तिकडे जाते. रजा टाकून. आपल्या सहा नव्या प्लेटा मला द्या." साहेब म्हणाले, फुटल्या तर? ताई म्हणाली, "फुटणार नाहीत." आणि दाराशी उभी राहिली. चहा आला, गेला, दोन माणसं भेटून गेली, ही उभीच. साडेपाचला साहेबांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

फुटणार नाहीत म्हणाली खरी, निस्तरायला मी! एका दिवसात मी जाड फ्लॅनेलच्या सहा पिशव्या शिवल्या, आत दुहेरी अस्तर, तोंडाला बटणं. आणि बसमध्ये सहा तास दोघींनी तीन-तीन काचा मांडीवर घेऊन काढले. खड्डा आला की ताई ड्रायव्हरकडे असं बघायची, की तो बिचारा आरशात बघून गाडी हळू करायचा.

तिकडची वेधशाळा म्हणजे जुनाट दुमजली इमारत. प्लेटांच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई ताईच्याच वयाच्या, कमरेला जुडगा, बोलणं तोडून. त्यांनी जुनी प्लेट खणातून काढून टेबलावर ठेवली आणि ताईने ती नुसती तिरकी धरून उजेडात पाहिली. शाई लेपावर होती. करड्या लेपावर, स्पष्ट. मी, शिवणारी बाई, मलाही दिसलं.

"आमच्याकडे अशीच लावतात," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या. "म्हणून चढवताना शाई वर. तुमच्याकडे काय, खाली?"

ताईने मान डोलावली. मी म्हटलं, "झालं तर मग, कळलं. चल घरी."

"बघून कळलं. मोजून कुठे कळलंय?" ती म्हणाली आणि बाह्या दुमडल्या. "वही उघड. मी आकडा सांगते, तू लिही. आणि आधीचे आकडे मला सांगू नकोस, विचारले तरी."

चार दिवस. सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही पायरीवर हजर. त्यांचं यंत्र जुनं, चाक जड, ताईच्या मनगटाला दुसऱ्याच दिवशी सूज आली. मी कपड्याची पट्टी फाडून बांधून दिली. प्रत्येक तारा चार वेळा मोजायचा, दोनदा डावीकडून येऊन, दोनदा उजवीकडून. मला वाटायचं, आता एकदा कमी केला तर काय आभाळ कोसळेल? एकदा तसं बोललेही. "आकडा लिही," एवढंच. तिसऱ्या दिवशी किल्लीवाल्या बाईंनी स्वतःची खुर्ची सोडून ताईला दिली, कारण त्या खुर्चीला पाठ होती.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा ठिपका झाला. मग मी जुनी वही काढली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचायला लागले. पहिला तारा: आधी डावीकडे, आता तेवढाच उजवीकडे. दुसरा तसाच. दहावाही तसाच. वीस, तीस, चाळीस. त्रेचाळीसही तारे चकतीतल्या बाकीच्या ताऱ्यांबरोबर, मुकाट, सरळ चाललेले. परकी टोळी वगैरे कुणी नव्हती. सगळी घरचीच माणसं होती. ताईने वही माझ्या हातातून घेतली, एक-दोन वजाबाक्या स्वतः करून पाहिल्या आणि म्हणाली, "बरोबर आलं." आवाजात आनंद होता, खोटं नाही सांगत. मला रडू फुटलं, आणि हिला आनंद!

साहेबांना तिने तिथूनच फोन केला. परिषद चार दिवसांवर होती. त्यांनी आपलं भाषण रद्द करायला लावलं, त्यासाठी त्यांना मी पूर्ण मार्क देते. आम्ही परतलो तेव्हा ते ताईच्या खोलीतच वाट बघत उभे होते, डोळे सुजलेले. म्हणाले, "ताई, तुम्ही मला जगासमोर तोंडघशी पडण्यापासून वाचवलंत. आता ही यादी छापायला जाते आहे. नवे आकडे घालू आणि विषय मिटवू. झाल्या गोष्टीची वाच्यता कशाला?"

"जुने आकडे तुम्ही तीन ठिकाणी पाठवले होते, साहेब. ते लोक वापरत असतील. तळटीप लागेल."

"बरं, लिहू. 'आमच्याकडून अनवधानाने' असं लिहू."

"आमच्याकडून म्हणजे कुणाकडून? खोलीत आम्ही पाच जणी मोजायला बसतो. आमच्याकडून म्हटलं की पाचही जणींच्या आकड्यांवर शंका. माझं नाव लिहा, त्या अकरा दिवसांच्या तारखा लिहा, आणि माझ्या वह्या समासासकट कुणालाही दाखवायला ठेवा. म्हणजे बाकीचं सगळं नीट आहे हे ज्याला हवं त्याला तपासता येईल."

साहेब नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, पण हिच्याकडे बघून मिटलं. टीप ताईने स्वतः लिहून दिली, चार ओळींची, एकही शब्द गोड नाही.

यादी छापून आली तेव्हा ताई निवृत्त होऊन घरी बसली होती. जाडजूड पुस्तक, चारशे पानं, पानोपानी आकडे, त्यातले निम्म्याहून जास्त हिचे. शेवटी आपलं तेच, "मोजणी – कार्यालय." आणि पान दोनशे सोळावर, खाली बारीक टायपात, ताईचं पूर्ण नाव. चुकीपुढे! मी पुस्तक आपटलं. ऐंशी हजार बरोबर मोजले तेव्हा हिचं नाव नाही, त्रेचाळीस चुकले तर लगेच पूर्ण नाव, आडनावासकट! मी तोंडाला येईल ते बोलले, साहेबांना, वेधशाळेला, आकाशगंगेलासुद्धा. ताईने पुस्तक उचललं, पान दोनशे सोळा काढलं, बोट ठेवून तारखा नीट छापल्यात का ते तपासलं आणि म्हणाली, "बरोबर आहे."

ते पुस्तक आता माझ्या दुकानात असतं, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर. कुणी तो शिळा विनोद केला की मी पान दोनशे सोळा उघडून पुढ्यात ठेवते. लोक वाचतात, जरा ओशाळतात, आणि मग बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "पण मग ही चूक सापडली कुणाला?"

मी सांगते, "जिने केली होती, तिलाच. बाकी कुणी शोधतच नव्हतं."